तेवीस नंबरची सीट

माणूस नोकरी का सोडतो, हे शोधून काढायचा मला पगार मिळत असे. आणि खरं सांगू? पगार दिला नसता तरी मी ते शोधलंच असतं. लहानपणी सांगलीत आमच्या गल्लीत पोस्टमन शिरला की कुणाचं पत्र आलंय हे त्या घराच्या आधी मला कळायचं. आई म्हणायची, "या पोराचं नाक देवानं जरा जास्तच लांब केलंय." पुढं त्याच नाकावर मी कतारमध्ये एकोणीस वर्षं काढली, दोह्याच्या अल गराफा भागात घर चालवलं, मुलीला इंग्रजी शाळेत घातलं. आता ती माझ्या मराठी प्रश्नांना एकेका इंग्रजी शब्दात वाटेला लावते. ती एक केस सोडली तर माझ्या चौकशीपुढं फारसं कुणी टिकलेलं नाही.

खातं एचआरचं, पण त्यातलं माझं काम जरा वेगळं. दोन कंपन्यांची एक झाली की दोन्हीकडची माणसं नव्या कंपनीत रुळवायची आणि पळू द्यायची नाहीत. बाहेरच्यांना वाटतं, विलीनीकरण म्हणजे पाटी बदलणं. पाटी तर जेवणाच्या सुट्टीत बदलून होते. कागदपत्रं महिना-दोन महिन्यांत उरकतात. माणसं मात्र वर्ष वर्ष कँटीनमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर बसतात. एका ऑफिसात मी भिंतीवर दोन घड्याळं पाहिली आहेत, एक या कंपनीचं, एक त्या कंपनीचं, आणि दोन्हींत सात मिनिटांचं अंतर. एकाच खोलीतली अर्धी माणसं सात मिनिटं आधी जेवायची आणि उरलेल्यांकडं विजयी नजरेनं बघायची. खोटं वाटत असेल तर वाटू दे. मलाही पहिले सहा महिने खोटंच वाटत होतं.

पूर्वी इकडं नोकरी बदलायची तर आधीच्या मालकाचा कागद लागायचा. आता तो लागत नाही, आणि हे फार चांगलं झालं. पण त्यामुळं माझ्यासारख्याची झोप गेली. समोरच्या गेटवर कुणी जरा प्रेमानं बोललं तरी माणूस तिकडं जाऊ शकतो. म्हणजे आता त्याला कागदानं नाही, कशानं तरी दुसऱ्यानंच धरून ठेवायचं. कशानं, तेच शोधायचं माझं काम.

ही गोष्ट माझ्या शेवटच्या विलीनीकरणाची. आमची कंपनी रास लफानच्या गॅस प्लांटमध्ये दुरुस्तीची कामं करायची. व्हॉल्व्ह, पाइप आणि उंचावर चढायला लागते ती लोखंडी परांची. आमच्या माणसांच्या डांगऱ्या, म्हणजे कामावर घालायचे अंगभर कपडे, निळ्या. दुसरी कंपनी तेच काम करणारी, तिच्या डांगऱ्या करड्या. दोन्ही एक झाल्या आणि सगळ्यांना हिरव्या डांगऱ्या आल्या. पण तुम्ही कुणालाही विचारा, तो डोळे मिटून सांगायचा, हा निळा, तो करडा.

त्यात तीन महिन्यांवर शटडाऊन. म्हणजे प्लांट काही आठवडे बंद करून त्याचं पोट उघडायचं, साफ करायचं, शिवायचं आणि ठरल्या दिवशी परत चालू करून द्यायचा. त्या काळात एकेक हात सोन्याचा. आमच्या डायरेक्टर नादियाबाई लेबनॉनच्या. आवाज असा की त्यांनी दोह्यात फोन ठेवला तरी रास लफानला ऐकू यायचं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "देसाई, शटडाऊनपर्यंत एकही माणूस जाता कामा नये. गेला तर खलास."

"काय खलास, मॅडम?"

"तू. यल्ला, कामाला लाग."

मी कामाला लागलो. आणि इथंच माझ्या अकलेनं घात केला.

आमच्या कामगारांचा राहायचा कॅम्प दोह्याच्या एका टोकाला आणि रास लफान दुसऱ्या टोकाच्याही पलीकडं. कंपनीची बस सव्वा तास धावायची, आणि तिचा एसी असा की मागच्या रांगेत मासे ठेवले असते तर आठवडाभर ताजे राहिले असते. या बसमध्ये निळे मागं बसायचे, करडे पुढं, आणि मध्ये एक अख्खी रांग रिकामी. दोन देशांच्या हद्दीवर असते तशी. मी म्हटलं, विलीनीकरण अडलंय ते इथंच. रात्रंदिवस बसून मी बसचा नकाशा काढला. एक निळा, एक करडा, एक निळा, एक करडा. प्रत्येक सीटला नंबर चिकटवला, प्रत्येक नंबराला नाव दिलं आणि नकाशा प्लास्टिकमध्ये घालून दाराशी टांगला. नादियाबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी तो मुख्य ऑफिसला पाठवला. तिथून कौतुकाची ईमेल आली. ती मी छापून फ्रिजवर लावली. बायकोनं तिच्यावर दुधवाल्याचा फोन नंबर लिहिला.

तीन आठवड्यांनी माझ्या टेबलावर अंगदचा राजीनामा आला.

अंगद लातूरकडचा, करड्यांचा परांचीवाला. परांचीवाला म्हणजे जो आधी वर जातो आणि इतरांना उभं राहायला जागा करून देतो. त्याच्या पायाखाली काही नसतं, तो स्वतःच बांधत बांधत चढतो. हा माणूस वाळूच्या वाऱ्यात दहा मजले उंचीवर उभा राहून मिशीला पीळ देतो, असं करडे सांगायचे. मी वर जाऊन पाहिलेलं नाही, पण मिशी पाहिली आहे, त्यामुळं विश्वास बसतो. आणि महत्त्वाचं म्हणजे तो गेला की त्याच्या मागोमाग बावीस करडे जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"बस अंगद. काय झालं? पगार?"

"न्हाई."

"कॅम्प? जेवण?"

"जेवण लै ब्येस हाय. पहिल्यापरीस ब्येस."

"मग?"

"साहेब, म्या बारा वर्षं उंचीवर काढली. तीन आठवडं झालं, बापू मला खाली बसवून क्लॅम्प मोजायला लावतोय. रोज. माझ्या हाताखालची पोरं वर, अन् म्या खाली. अन् वरून समदे अशे बघतात माझ्याकडं…" त्यानं राजीनाम्यावर बोट आपटलं. "कुणी डब्यातलं चिकन देतंय, कुणी खजूर देतंय. म्या काय भिकारी हाय का? इज्जत घालवायची अशी रीत म्या कुठं बघितली न्हाई. शनिवारी दुसरीकडं सही करणार हाय म्या. तुमच्याशी भांडण न्हाई."

बापू म्हणजे बापू शिंदे, साताऱ्याकडचा, निळ्यांचा फोरमन. कोणी कुठं काम करायचं ते तो ठरवायचा. मी त्याला गाठलं.

"बापू, अंगदला खाली का ठेवलंय?"

बापूनं इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "साहेब, त्याला काय बोलू नगा. लई गुणाचा माणूस हाय. सध्या जरा… जाऊ द्या."

"सध्या काय?"

"ते आपुन इचारू नये."

आता मला सांगा, माझ्यासारख्या माणसाला 'विचारू नये' असं सांगणं म्हणजे मांजरापुढं दुधाचं पातेलं ठेवून त्यावर 'हे दूध आहे' अशी चिठ्ठी लावण्यासारखं. मी अंगदची फाइल काढली. डॉक्टरचा दाखला स्वच्छ. रक्तदाब असा की डॉक्टरनं हेवा करावा. उंचीचा परवाना चालू. तक्रार एक नाही. मग मी तर्क लढवले. जुनं वैर असेल. जिल्ह्याचा प्रश्न असेल. निळ्यांचा कट असेल. कटाचा तर मी आराखडाही काढला, बाण वगैरे दाखवून, आणि जेवताना बायकोला दाखवला.

सुनंदानं भाकरी उलटवता उलटवता विचारलं, "तुम्ही त्या बसमधे कधी बसलात का?"

"मी? मी कशाला? मी तिचा नकाशा काढला ना!"

"नणंदेच्या लग्नात पंगत मांडायला तुम्हाला दिली होती, आठवतंय? मामंजींच्या शेजारी त्यांच्याशी कोर्टात भांडणारा भाऊ बसवला होता तुम्ही."

मी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, पहाटे बसच्या दाराशी उभा राहिलो.

अंगद त्या दिवशी आला नव्हता. सुट्टी टाकली होती. नकाशाप्रमाणं त्याची सीट तेवीस नंबरची, मधल्या दाराला लागून, एकटीच. शेजारी दुसरी सीट नाही, त्यामुळं मी ती फार विचार न करता त्याच्या नावावर टाकली होती. रिकामी होती म्हणून मी तिथं बसलो.

आणि बस बदलली. खोटं नाही सांगत. आत्तापर्यंत मोठ्यानं चाललेली क्रिकेटची चर्चा एकदम कुजबुजीवर आली. मागून एक हात आला आणि माझ्या मांडीवर खजुरांचा पुडा ठेवून गेला. दुसरा हात आला, त्यात थर्मासच्या झाकणात वाफाळता चहा. मी वळून पाहिलं तर सगळे खिडकीबाहेर बघतायत. बाहेर अंधार आणि वाळू, बघण्यासारखं काय होतं तिथं? ड्रायव्हर अस्लमभाई पेशावरकडचा. त्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं आणि रेडिओ बंद केला. अस्लमभाईनं रेडिओ बंद केल्याचं त्या बसच्या इतिहासात कुणी ऐकलेलं नव्हतं.

उतरल्यावर बापू जवळ आला. माझ्या कोपराला धरलं, जसं आपण आजारी माणसाला धरतो. "साहेब, आज तुम्ही सावलीत बसा. जिन्यावरबी चढू नगा."

"का?"

"बसा. म्या हाय न्हवं."

मी सावलीत बसलो. हातात खजूर. आणि माझ्या लांब नाकाला एकदम वास आला: यांना काहीतरी कळलंय जे मला कळलेलं नाही! दोन कंपन्या एक झाल्या, तर दोन एचआरवाले कशाला लागतात? एक जाणार. कोण जाणार, हे ऑफिसच्या आधी साइटला कळतं, हा तर या धंद्याचा नियमच. मी तिथूनच नादियाबाईंना फोन लावला.

"मॅडम, माझी नोकरी गेली का?"

"अजून नाही. का? जायला हवी?"

मी फोन ठेवला आणि तडक बापूकडं गेलो. "बापू, खरं सांग. मला काय झालंय?"

"ते तुमालाच ठावं, साहेब."

"अरे, मला काहीच झालेलं नाही!"

"मग तेवीसवर कशापायी बसलात?"

तिथं, पाइपांच्या सावलीत, मला ती गोष्ट कळली, जी माणसांचा उत्साह मोजायला मी बनवलेल्या चौदा रकान्यांच्या मनोधैर्य-तक्त्याला कधी कळली नव्हती.

दाराजवळची ती एकटी सीट निळ्यांची जुनी खूण होती. ज्याला घरून वाईट फोन आलाय, ज्याची झोप झालेली नाही, ज्याचं डोकं आज ठिकाणावर नाही, त्यानं गुपचूप तिथं बसायचं. बापू त्याला त्या दिवशी उंचीवर पाठवत नाही. खालचं काम देतो. कुणी काही विचारत नाही. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं की तो आपल्या नेहमीच्या जागी जातो, आणि विषय संपला.

"हे कुणी ठरवलं?"

"ठरवलं कुणी न्हाई. लई वर्सामागं आमचा एकजण घरचा फोन घेऊन तसाच वर चढला. पट्टा अडकवायचा इसरला. मधल्या फळ्यांवर पडला म्हणून वाचला, पण पाय गेला. सकाळी म्या त्याला इचारलं व्हतं, बरा हायस न्हवं? तर म्हणाला, बरा हाय. माणूस तोंडानं बरा हायच म्हणतो, साहेब. म्हणून मग तोंड मधी आणलंच न्हाई."

"आणि अंगद?"

"त्यो पहिल्या दिवसापास्नं तिथंच. आमाला वाटलं, काय मोठं दुःख असंल बिचाऱ्याचं. तीन आठवडं झालं, सरना. आमी रोज कायबाय देत व्हतो. इचारायचं तर नसतंच."

आणि माझा नकाशा दाराशी टांगलेला होता तरी? मी तेही विचारलंच. बापू ओशाळला. "तुमचा कागद आमी वाचलाच न्हाई, साहेब. आमाला वाटलं, तुमी करड्यांसाठी लावलाय." निळे आपापल्या खुणेनंच बसत होते, करडे इमानदारीनं नंबर वाचून बसत होते, आणि जिथं दोघांची टक्कर व्हायची तिथं कुणी तरी उभा राहून सव्वा तास काढायचा. मुख्य ऑफिसनं कौतुक केलेली हीच ती योजना. आणि या तीन आठवड्यांत ज्या निळ्याला खरोखर ती सीट हवी होती त्याला ती मिळाली नाही. एक गडी डोळे सुजवून वर चढला होता. सुखरूप उतरला. मला ते आजही आठवलं की जेवण जात नाही. फुशारकीत सांगायच्या गोष्टी माझ्याकडं पुष्कळ आहेत, ही त्यातली नाही.

शुक्रवारी मी अंगदला सूक वाकिफच्या जुन्या बाजारात बोलावलं. शनिवारी तो दुसरीकडं सही करणार होता, म्हणजे माझ्याकडं एका चहापुरताच वेळ होता. मसाल्यांच्या दुकानांच्या तोंडाशी बसून आम्ही करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा घेतला आणि मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला.

"म्हंजी ते चिकन…"

"तुझ्या दुःखासाठी."

"अन् ते मला बघून गप व्हायचे…"

"तुला त्रास नको म्हणून."

"अन् म्या त्यांना मनात शिव्या देत व्हतो! एकाला तर तोंडावर दिली. तो म्हणाला, बरोबर हाय भाऊ, मोकळं कर मन." अंगद हसायला लागला. असा हसला की शेजारच्या दुकानातला म्हातारा अरब हातातलं केशर सोडून बघायला लागला. मग एकदम थांबला. "कामून विचारलं न्हाई पण कुणी? तीन आठवडं! माणसानं एकदा तरी विचारावं का न्हाई?"

"विचारायचं नसतं म्हणूनच ती सीट आहे, असं बापू म्हणतो."

त्यानं मिशीवरून हात फिरवला. "आमच्यात असलं काय नव्हतं," म्हणाला. "आमच्यात ज्याचं डोकं फिरलेलं असायचं तो बी चढायचा." मग, "शुक्रन, साहेब, चहाला," म्हणून उठला. राहणार की जाणार, ते बोललाच नाही. मी विचारलं तर, "इन्शाल्ला," म्हणाला. हा शब्द इथं 'हो'लाही चालतो आणि 'नाही'लाही.

शनिवारी पहाटे मी बसच्या दारातला नकाशा काढून घेतला. सीटांवरचे नंबर खरवडायला वेळ मिळाला नाही, ते तसेच राहिले. माणसं चढली. निळे मागं गेले, करडे पुढं बसले, मधली रांग रिकामी. मी मनात म्हटलं, झालं, सगळी मेहनत पाण्यात. शेवटी अंगद चढला. पुढं सगळे करडे, त्याला जागा करून बसलेले. तो तेवीसपाशी थांबला. सीटकडं पाहिलं.

मागून बापूनं शेजारच्या सीटवरचा आपला थर्मास उचलला आणि मांडीवर घेतला. "अंगदराव, हिकडं या. मोठ्या टाकीच्या परांचीचं बोलायचंय. वरचं काम तुमच्याबिगर व्हनार न्हाई."

"तीन आठवडं कसं झालं मग माझ्याबिगर?" अंगद दारातूनच ओरडला.

"वाईट झालं! येऊन बघा तरी!"

तो मागं गेला. त्याच्या पाठोपाठ दोन करडे उठून मागं गेले, टाकीचं ऐकायला. मग आणखी एक. मधली रांग कधी भरली, मला दिसलंही नाही, कारण तोवर मी अस्लमभाईच्या शेजारी तोंड पुढं करून बसलो होतो. त्यानं आरशात पाहून रेडिओ लावला तेव्हा मला कळलं.

अंगदनं राजीनामा परत घेतला. बावीसही राहिले. शटडाऊन ठरल्या दिवशी पार पडला. नादियाबाईंनी विचारलं, "तू काय केलंस?" आता इथं मी आयुष्यातली सगळ्यात कामाची थाप मारली. सांगितलं, "नकाशाचा परिणाम दिसायला वेळ लागतो, मॅडम." सीटबद्दल एक अक्षर बोललो नाही. बोललो असतो तर आठवड्यात तिथं मनःस्वास्थ्याचं स्टिकर आलं असतं, महिन्यात कोण किती वेळा बसला त्याचा तक्ता आला असता, आणि मग तिथं पुन्हा कधी कुणी बसलं नसतं. तो तक्ता बनवणारा माणूसही मीच असतो, हे मला चांगलं ठाऊक आहे.

मुख्य ऑफिसच्या अहवालात शेवटचा रकाना होता, 'एकत्रीकरण पूर्ण झाल्याची तारीख'. तो मी रिकामाच ठेवला होता. बाई दर महिन्याला ओरडायच्या, मी दर महिन्याला काहीतरी रचून सांगायचो. दर मंगळवारी बसनं जायची मात्र मला सवय लागली होती.

असाच एक मंगळवार. अंगद चढला. कुणाकडं न बघता तेवीसवर बसला आणि दाराच्या काचेला डोकं टेकलं. बापूनं वर पाहिलंसुद्धा नाही. मागून थर्मासचं झाकण हातोहात पुढं आलं, निळ्याच्या हातातून करड्याच्या, करड्याच्या हातातून निळ्याच्या. साइटवर अंगद दिवसभर खाली बसून क्लॅम्प मोजत होता. बावीस करड्यांपैकी एकानंही त्याला काही विचारलं नाही.

आणि मी? माझं नाक असं शिवशिवत होतं की सांगता सोय नाही. दोनदा त्याच्यापर्यंत गेलो. दुसऱ्यांदा तर तोंड उघडलंही. मग खिशातले खजूर काढून त्याच्याजवळ ठेवले आणि परत फिरलो.

ऑफिसात येऊन मी त्या रकान्यात त्या दिवसाची तारीख भरली. पाच मिनिटांत नादियाबाईंचा फोन. "देसाई, इतके महिने रिकामं, आणि आजच का? आज काय झालं?"

"माहीत नाही, मॅडम," मी म्हटलं.

एकोणीस वर्षांत त्यांना मी दिलेल्या सगळ्या उत्तरांमध्ये तेवढं एक शंभर टक्के खरं होतं.